नंबर लागेल का? खानदेशातल्या एका प्रश्नाचा इतिहास

दरवर्षी ३१ जुलैला आम्ही धुळ्याजवळच्या लळिंगला जातो. १९३७ साली याच तारखेला बाबासाहेब एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याच्या न्यायालयात आले होते आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात मुक्कामाला होते. त्या आठवणीसाठी खानदेशभरातून माणसे येतात. पुस्तकांचे ठेले लागतात, भीमगीते वाजतात, भाषणे होतात. तारीखच अशी आहे की तोवर बारावीचे निकाल लागून गेलेले असतात, सीईटीचे गुण हातात आलेले असतात आणि प्रवेशाच्या फेऱ्या चालू असतात. त्यामुळे माझा भाषण ऐकण्यापेक्षा जास्त वेळ एकाच प्रश्नात जातो. कोणी आबा किंवा कोणी ताई पोराला घेऊन येते, प्लॅस्टिकच्या पिशवीतून गुणपत्रिका काढते आणि विचारते, "मन्हा पोर्याना नंबर लागी का, भाऊ?"

प्रश्न साधा आहे. आजकाल त्याचे उत्तर मोबाईलवरही मिळते. टक्केवारी टाका, जात टाका, जिल्हा टाका, लगेच कॉलेजांची यादी येते. पण या उत्तरामागे एक गृहीत दडलेले असते, ते म्हणजे नंबर लागणे न लागणे हे पोराच्या डोक्यावर अवलंबून आहे. गुण कमी पडले तर दोष पोराचा. नंबर लागला तर 'यांचे काय, यांना सीट असतेच' असे म्हणायला शेजारी मोकळा. मला या दोन्ही बोलण्यांचा राग येतो, आणि त्याचे कारण भावनिक नाही. गेल्या शंभर वर्षांत खानदेशातल्या पोराची प्रवेशाची शक्यता अनेकदा बदलली. प्रत्येक वेळी ती बदलली तेव्हा पोराचे डोके तेच होते. बदलला होता तो सरकारचा कायदा, विद्यापीठाची हद्द, शिष्यवृत्तीचा नियम, दाखल्यावरचा एखादा शब्द. इतिहास सांगायचा तो याचा.

प्रवेशाच्या शक्यतेचा हिशेब कसा मांडायचा हे आपल्याला पहिल्यांदा बाबासाहेबांनी शिकवले. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर ते बोलले. महाडचा सत्याग्रह झाला तो त्यानंतर आठ दिवसांनी, २० मार्चला. चवदार तळ्याचे पाणी सगळ्यांना आठवते, हे भाषण फारसे कोणाला आठवत नाही. शिक्षण खात्याने तेव्हा लोकसंख्येचे चार भाग केले होते: पुढारलेले हिंदू, मुसलमान, मधले म्हणजे मराठे व त्यांच्यासारख्या जाती, आणि मागास म्हणजे अस्पृश्य, डोंगरी जमाती व गुन्हेगार ठरवलेल्या जमाती. बाबासाहेबांनी सभागृहापुढे आकडे ठेवले. प्राथमिक शाळेत हजार लोकसंख्येमागे पुढारलेल्यांची ११९ मुले, मुसलमानांची ९२, मधल्यांची ३८, मागासांची १८. माध्यमिक शाळेत लाखामागे ३०००, ५००, १४० आणि १४. आणि कॉलेजात दोन लाखांमागे पुढारलेल्यांचे १०००, मुसलमानांचे ५२, मधल्यांचे १४, मागासांचे शून्य.

हे आकडे पुन्हा एकदा वाचा. प्राथमिक शाळेत मागास आणि पुढारलेले यांच्यातले अंतर साधारण सहा-सात पटींचे आहे. माध्यमिकला ते दोनशे पटींच्या वर जाते. कॉलेजच्या दारात तर भागाकारच करता येत नाही. म्हणजे गाळणी एका परीक्षेत नव्हती, ती प्रत्येक पायरीवर होती आणि वरच्या पायरीवर अधिक बारीक होती. आणखी एक गोष्ट. मधल्या वर्गाचा आकडा दोन लाखांत १४ आहे. आज ज्यांना आरक्षणाचे नाव काढले की गुणवत्ता आठवते, त्यातल्या अनेकांचे आजोबा-पणजोबा या १४ च्या बाहेर राहिलेल्यांत होते. बाबासाहेब तेव्हा त्यांचाही हिशेब मांडत होते.

त्याच भाषणात त्यांनी शिक्षणाच्या खर्चाचा मोठा भाग विद्यार्थ्यांच्या फीमधून वसूल करण्याच्या धोरणावरही बोट ठेवले होते. शिक्षण ही विकायची वस्तू नव्हे, हा त्यांचा मुद्दा होता. फीचा विषय पुढे येणार आहे, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

आता खानदेशात या. १९०६ मध्ये जुन्या खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले. पूर्व खानदेशचे ठाणे जळगाव, पश्चिम खानदेशचे धुळे. कापूस होता, गिरण्या होत्या, रेल्वे होती, पैसा होता. अमळनेरला १९१६ साली वेदान्ताच्या अभ्यासासाठी तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. पण पदवीचे कॉलेज? अमळनेरचे प्रताप कॉलेज आणि जळगावचे मूळजी जेठा कॉलेज ही दोन्ही १९४५ ची. अद्वैतावर चर्चा करायला खानदेशात २९ वर्षे आधी जागा होती, बी. ए. व्हायला नव्हती. ब्रह्म एकच आहे हे शिकायची सोय झाली, पण आपल्या पोराला पुस्तक उघडायचे तर नाशिक, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. देणगीदारांवर माझा राग नाही, त्यांनीच पुढे कॉलेजलाही पैसे दिले. पण कोणत्या गोष्टीची घाई वाटते आणि कोणती थांबू शकते, हे समाज कसे ठरवतो ते यातून दिसते.

कॉलेज आले तरी महारवाड्यातले पोर आपोआप तिथे पोचत नव्हते. दोन गोष्टी त्याच सुमाराला घडल्या म्हणून ते पोचले. एक म्हणजे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४४ साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकनंतरची भारत सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली. दुसरी म्हणजे ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० ला औरंगाबादला मिलिंद. जळगावहून अजिंठ्याच्या घाटाने औरंगाबाद पुण्याच्या निम्म्याहूनही जवळ. आमच्या आधीच्या पिढीतले कितीतरी मास्तर, वकील, कारकून नागसेनवनातून बाहेर पडले ते यामुळे. भुसावळचे रेल्वे कामगार होते म्हणून महिन्याला रोख पगार होता, आणि पगार होता म्हणून पोराला बाहेरगावी ठेवता येत होते. ज्या गावात फक्त येसकरी आणि बलुते होते तिथल्या पोराचे गुण कितीही असोत, त्याचा नंबर कुठून लागणार?

यानंतर आला दाखल्यावरचा शब्द. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर खानदेशातल्या गावागावांत लोकांनी शाळेच्या रजिस्टरात 'बौद्ध' लिहून घेतले. स्वाभिमानाने लिहून घेतले. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशानुसार तेव्हा अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असायला हवा होता, १९५६ ला त्यात शीख घेतले गेले, बौद्ध मात्र बाहेर राहिले. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला स्थापन झाले तेव्हा राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्राने त्या द्यायला १९९० उजाडले. म्हणजे तीस वर्षे एकाच पोराच्या दोन शक्यता होत्या. राज्याच्या विद्यापीठात जागा मागितली तर तो राखीव प्रवर्गातला, केंद्राच्या संस्थेत किंवा नोकरीत मागितली तर खुला. त्याचे घर तेच, गल्ली तीच, मास्तर तोच. कितीतरी घरांनी या तीस वर्षांत पोटासाठी कागदावर जुनी जात ठेवली आणि घरात बुद्धमूर्ती ठेवली. त्यांना नावे ठेवणाऱ्यांना मी एवढेच विचारतो की हा तिढा त्यांनी निर्माण केला होता का?

आता हद्दीची गोष्ट, जी खानदेशच्या सर्व जातींना लागू आहे आणि म्हणून मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

१९४९ पासून धुळे आणि जळगाव पुणे विद्यापीठात होते. पुणे, अहमदनगर, नाशिक, धुळे, जळगाव असे ते क्षेत्र. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हा धुळ्यातच होता, तो १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याचा भिल्ल किंवा पावरा मुलगा आणि पुण्याच्या पेठेतला मुलगा हे विद्यापीठाच्या नजरेने एकाच घरचे. वैद्यकीय प्रवेशासाठी त्या काळी राज्यात असा नियम होता की ज्या विद्यापीठाच्या हद्दीत शिकलात त्याच हद्दीतल्या कॉलेजात अर्ज करायचा. १९८६ साली निदामर्ती महेशकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्द केला. शंभर टक्के बंदिस्ती चालणार नाही, पण ७० टक्क्यांपर्यंत जागा त्या त्या क्षेत्रातल्या विद्यार्थ्यांसाठी ठेवता येतील, असे न्यायालयाने म्हटले. पुढे प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत आपण जे ७०:३० वाचत आलो त्यामागे हा निकाल आहे.

आता हा नियम खानदेशच्या पोराला लावून बघा. 'आपल्या' क्षेत्रात त्याला ७० टक्के जागा. पण आपले क्षेत्र म्हणजे पुणे विद्यापीठ. खानदेशात सरकारी वैद्यकीय कॉलेज १९८९ पर्यंत नव्हते, त्या वर्षी धुळ्याला आले. सरकारी अभियांत्रिकी कॉलेज जळगावला १९९६ मध्ये आले. त्याआधी त्याला साडेतीनशे-चारशे किलोमीटरवरच्या पुण्यातल्या जागांसाठी पुण्याच्याच मुलांशी झुंजायचे होते, ज्यांच्या शहरात अभियांत्रिकीचे शिक्षण १८५४ पासून मिळत होते. मग १५ ऑगस्ट १९९० ला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. बारावी जळगावला किंवा साक्रीला पास झालेल्या मुलाचे 'होम युनिव्हर्सिटी' बदलले. एका अधिसूचनेने त्याच्यापुढची रांग आखूड झाली. १४ ऑगस्टच्या रात्री खानदेशची पोरे हुशार झाली नव्हती. तरी कोणी म्हटले नाही की प्रादेशिक सवलतीने गुणवत्तेचा बळी गेला. मिठाई वाटली, आणि वाटायलाच हवी होती. जे प्रदेशाला लागू पडते ते जातीला का पडत नाही, एवढाच आमचा प्रश्न आहे.

१९९० हे सालच विलक्षण आहे. ३१ मार्चला बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न. त्याच वर्षी बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत मान्यता. ७ ऑगस्टला मंडल आयोगाची घोषणा. १५ ऑगस्टला खानदेशचे विद्यापीठ. एका वर्षात आमच्या पोराच्या शक्यतेच्या अपूर्णांकाचा अंश वाढला आणि छेद कमी झाला. त्यावर दिल्लीत काय गदारोळ झाला तो सर्वांना माहीत आहे. वृत्तपत्रांचे रकानेच्या रकाने गुणवत्तेच्या शोकाने भरले.

पुढे वैद्यकीय शिक्षण नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडे गेले आणि ७०:३० विभागवार झाले. विदर्भ, मराठवाडा आणि 'उर्वरित महाराष्ट्र'. खानदेश कुठे? उर्वरितमध्ये. मुंबई, पुणे, कोल्हापूर यांच्यासोबत. नंदुरबारचा आदिवासी आणि दक्षिण मुंबईचा मुलगा पुन्हा एका रांगेत. सप्टेंबर २०२० मध्ये ही विभागवार पद्धतही रद्द झाली. मराठवाड्यात कॉलेजे कमी म्हणून तिथल्या मुलांवर अन्याय होतो, ही तक्रार खरी होती. पण खानदेशच्या बाजूने ना ती पद्धत असताना कोणी बोलले, ना ती जाताना. आपल्या पुढाऱ्यांना उर्वरित असण्याची सवय झाली आहे.

मधल्या काळात फीने शिरकाव केला होता. १९८३ ला वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली. खानदेशातही अशी कॉलेजे निघाली. जागा वाढल्या हे खरे. पण प्रवेशाच्या शक्यतेत आता गुण आणि जात यांच्या जोडीला बापाची ऐपत आली. अनुसूचित जातीच्या मुलाला शिष्यवृत्ती आहे, पण अडीच लाखांच्या उत्पन्नाची मर्यादा आहे. रेल्वेत ट्रॅकवर राबणाऱ्या बापाचाही पगार आज ती ओलांडतो. मग फ्रीशिप मिळते, म्हणजे शिकवणी फी आणि परीक्षा फी सुटते, निर्वाह भत्ता मिळत नाही. पोरगा पुण्यात खोली घेऊन राहणार, डबा लावणार, ते कशातून? नंबर लागूनही न गेलेली पोरे मी पाहिली आहेत. ती कुठल्याच कटऑफच्या यादीत दिसत नाहीत. एका कॉलेजने आमच्या ओळखीच्या मुलीला शिष्यवृत्ती जमा होईपर्यंत फी आधी भरा म्हणून काउंटरवरून परत पाठवले होते. सरकारचे आदेश याच्या उलट आहेत. आम्ही चारजण जाऊन बसलो तेव्हा प्रवेश झाला. चारजण नसते तर?

'यांना सीट असतेच' म्हणणाऱ्यांसाठी आता थोडे गणित. समजा एका शाखेत ६० जागा आहेत. अनुसूचित जातीला १३ टक्के, म्हणजे ७.८, धरा ८. त्यातल्या ७० टक्के होम युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे साडेपाच-सहा. त्यात मुलींसाठी ३० टक्के समांतर आरक्षण, म्हणजे दोन गेल्या. साक्रीच्या बौद्ध मुलासमोर त्याच्या प्रवर्गाच्या, त्याच्या क्षेत्राच्या चार जागा उरल्या. चार! तिन्ही जिल्ह्यांतली सगळी मुले त्या चारसाठी. आरक्षण म्हणजे प्रवेश नव्हे, आरक्षण म्हणजे एका वेगळ्या रांगेत स्पर्धा. कटऑफच्या यादीत जीएससीएच, जीएससीओ, एलएससीएच असे जे संकेत येत आले आहेत त्यांचा अर्थ हाच. पहिले अक्षर सर्वसाधारण की मुलींची जागा, मधली अक्षरे जातीचा प्रवर्ग, शेवटचे अक्षर होम की बाहेरचे विद्यापीठ. अनेक पालक नुसता 'एससीचा कटऑफ' विचारतात आणि बाहेरच्या विद्यापीठाचा आकडा पाहून घाबरतात. आणि ज्याचे गुण खुल्या यादीत बसतात त्याने खुल्या जागेवरच बसावे. तो तिथे बसला की राखीव चार जागा चारच राहतात. खुली जागा म्हणजे कोणा एका जातीची जागा नव्हे, हे आपल्याच पोरांना सांगावे लागते, याचे वाईट वाटते.

शेवटची गाळणी कागदाची. आदिवासी दाखल्याच्या एका वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने जात पडताळणीची पद्धत घालून दिली आणि पुढे महाराष्ट्राने त्याचा कायदा केला, जो २००१ मध्ये लागू झाला. खोटे दाखले काढून आपल्या जागा लाटणारे पकडले जावेत म्हणून हे आवश्यक होते, माझा त्याला विरोध नाही. पण आपली जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. अनुसूचित जातीसाठी पुरावा हवा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. सर्वांत सोपा पुरावा कोणता? आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. ज्या आजोबांना शाळेच्या व्हरांड्यातसुद्धा बसू दिले नाही, त्यांचा शाळेचा दाखला आणा! १९२७ च्या आकड्यांत हजारात १८ होते ना? बाकी ९८२ च्या नातवंडांनी आता काय करायचे?

मग शोध सुरू होतो कोतवाल बुकाचा. गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, गाव नमुना १४. पाने पिवळी, लिपी बऱ्याचदा मोडी. किंवा महार वतनाची कागदपत्रे. १९२८ पासून बाबासाहेब ज्या वतनाविरुद्ध झगडले, जे १९५८ च्या कायद्याने संपले, त्या वतनाच्या रजिस्टरात पणजोबाचे नाव आणि जात लिहिलेली सापडते. ज्या कागदाने चार पिढ्यांना बांधून ठेवले त्याच कागदाने पाचव्या पिढीला कॉलेजचे दार उघडते. धुळ्याच्या किंवा जळगावच्या कचेरीत असे कागद हातात घेऊन उभे राहिलेले बाप मी पाहिले आहेत. त्यांना हसावे की रडावे कळत नाही.

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. नाव योग्यच आहे. एका विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून मराठवाड्यात सोळा वर्षे झगडावे लागले, घरे जळाली, माणसे मेली, हे आठवले तरी इथल्या नावाबद्दल मनात आकस येत नाही. शेतात राबणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचे नाव विद्यापीठाला लागते ही मोठी गोष्ट आहे. फक्त त्या विद्यापीठाच्या कुठल्या विभागात किती जागा राखीव, किती भरल्या, किती रिकाम्या राहून पुढच्या फेरीत दुसरीकडे वळल्या, हे आकडे दरवर्षी मागणारे आपल्यात किती आहेत? बाबासाहेबांनी दोन लाखांचा हिशेब मागितला होता. आपण आपल्या एका पोराचा मागतो आणि तो मिळाला की घरी जातो.

गेल्या खेपेला लळिंगला साक्री तालुक्यातले एक आबा नातीला घेऊन आले होते. गुण चांगले होते, मुलींच्या जागेवर होम युनिव्हर्सिटीत सहज बसतील असे. मी गुणपत्रिका बाजूला ठेवली आणि व्हॅलिडिटी विचारली. नव्हती. अर्ज केल्याची पावती? तीही नव्हती. मुलीचा बाप शिकलेला नाही, आबाही शाळेत गेले नव्हते. मग आबांनी आठवून आठवून सांगितले की त्यांच्या वडिलांकडे गावची महारकी होती. मी त्यांना कोतवाल बुकाची आणि वतनाच्या नोंदीची नक्कल मागण्याचा अर्ज तिथेच ठेल्यावरच्या कागदावर लिहून दिला, आणि सकाळी अकराच्या आत तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये पोचा म्हणून सांगितले. फेरीची शेवटची तारीख चार दिवसांवर होती आणि मध्ये एक रविवार होता.